उद्देश : व्हिडिओ एडिटिंग

मराठी मध्यमवर्गीय घरात खेळण्यासाठी कॉम्प्युटर आजवर कोणीही मागितलेला नाही. नव्वदच्या दशकात तो अभ्यासासाठी मागितला गेला आणि त्यावर 'रोड रॅश' खेळला गेला. पुढे इंजिनिअरिंगच्या मुलांनी तो ऑटोकॅडसाठी मागितला आणि त्यावर 'एज ऑफ एम्पायर्स'मधली साम्राज्यं उभी राहिली. ऑटोकॅडमधलं दोन खोल्यांचं घर मात्र सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत पायाच्या वर येत नसे. २०२० साली ऑनलाइन वर्गांचं निमित्त झालं. आजचं कारण आहे व्हिडिओ एडिटिंग. आधीच्या सगळ्या कारणांपेक्षा हे वरचढ. त्यात शिक्षण आहे, कला आहे, कमाईची आशा आहे, आणि मुख्य म्हणजे आईवडिलांना त्यातलं काहीही तपासता येत नाही.

माझा भाचा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोंबिवलीच्या घरी त्याने हे कारण वडिलांपुढे मांडलं, पण वडील कोण आहेत हे तो विसरला. भाऊजींची उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. शेळीपालनाच्या कर्जातून बुलेट घेणारे आणि पिठाच्या गिरणीच्या कर्जातून मुलीचं लग्न उरकणारे अर्जदार त्यांनी पोत्याने पाहिलेत. रक्कम किती यापेक्षा ती कुठे जाणार, यावर त्यांचा डोळा. भाच्याने एक लाख रुपये मागितले. भाऊजींनी चष्मा लावला, कोरा कागद घेतला, वर 'उद्देश : व्हिडिओ एडिटिंग' असं ठळक अक्षरांत लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "सुट्या भागांची यादी दे. तीन कोटेशनं आण. आणि आधी मामाला दाखव, त्याला त्यातलं कळतं."

मी यादी हातात घेतली. माणूस तोंडाने काहीही सांगू शकतो. सुट्या भागांच्या यादीला ते जमत नाही.

पहिली ओळ प्रोसेसरची. एएमडीचा रायझन, आणि नावाच्या शेपटाला 'एक्स३डी'. एएमडीने २०२२ मध्ये असा पहिला प्रोसेसर बाजारात आणला, रायझन ७ ५८००एक्स३डी. त्यात कॅश मेमरीचा एक जादा थर चढवून एल३ कॅश ९६ एमबीवर नेली होती. खेळांना हा खुराक फार मानवतो, कारण खेळ चालू असताना प्रोसेसरला त्याच त्या बारीकसारीक गोष्टी सारख्या लागतात आणि त्या रॅमपर्यंत हेलपाटा न घालता जागच्या जागी मिळतात. व्हिडिओ रेंडर करताना मात्र कोअर जास्त असण्याचा उपयोग होतो, जादा कॅशचा फारसा नाही.

"एडिटिंगला एक्स३डी कशाला रे?"

"मामा, फ्यूचर-प्रूफिंग."

हा शब्द या व्यवहारात फार कामाचा आहे. ज्या खर्चाचं आजचं कारण सांगता येत नाही, तो खर्च उद्याच्या नावावर टाकायचा.

मी काही बोललो नाही. तेवढ्यानेच त्याने ओळ खोडली आणि इंटेलचा कोअर आय ५ लिहिला. त्याच्या शेवटी 'एफ'. "हा स्वस्त पडतो," तो म्हणाला. पडतो खरा, कारण एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा विभाग बंद असतो. आणि इंटेलची क्विक सिंक नावाची २०११ पासूनची सोय त्याच विभागात राहते. फोनचा किंवा कॅमेऱ्याचा एच.२६५ व्हिडिओ टाइमलाइनवर अडखळत न चालणं हे तिचं काम. नवे कॅमेरे '४:२:२ १०-बिट' नावाच्या जड प्रकारात चित्रण करतात, ते उलगडायला इंटेल आधीपासून तयार होतं. एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांना ते २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून जमू लागलं. म्हणजे एडिटरच्या कामाची गोष्ट तेवढी नेमकी वगळून पोरगा पैसे वाचवत होता, आणि वाचलेले पैसे तिसऱ्या ओळीत ग्राफिक्स कार्डाच्या नावे जमा होत होते.

हे मी भाऊजींना सोप्या भाषेत सांगितलं. त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं : 'फंड डायव्हर्शन'.

एफ गेला. मदरबोर्डचं फार काही बोलावं लागलं नाही. प्रोसेसरला चालणारं सॉकेट आणि रॅमला चालणारे स्लॉट जुळले की तो बिचारा गप्प बसतो. त्यातल्या त्यात भाच्याने असा बोर्ड निवडला होता की ज्याच्या पत्र्यावर ड्रॅगनचं चित्र होतं. ड्रॅगनचा रेंडरिंगला काय उपयोग, हे विचारण्याची वेळ भाऊजींवर आली नाही, कारण ताईनेच "हे घरात नको" म्हणून सांगितलं.

ग्राफिक्स कार्ड हा या सगळ्या थापेचा सर्वांत भक्कम खांब, कारण ते खरोखरच दोन्हीकडे लागतं. डाविंची रिझॉल्व्हमध्ये रंग दुरुस्त करणं आणि इफेक्ट देणं ही कामं कार्डावर पडतात. तयार व्हिडिओ बाहेर काढायला एनव्हिडियाच्या कार्डात एनव्हेन्क नावाचा वेगळा भागच असतो. रिझॉल्व्हची साधी आवृत्ती फुकट मिळते, ही गोष्ट भाच्याने अर्जात दोनदा अधोरेखित केली होती. प्रश्न आला तो कार्डाच्या मेमरीचा. आरटीएक्स ५०६० टीआय या एकाच नावाची कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशी दोन मापांत मिळतात. ४के व्हिडिओवर दोनचार इफेक्ट चढवले की ८ जीबी तोकडी पडू लागते, आणि नव्या खेळांतही चित्रांची प्रत वर नेली की तेच होतं. इथे एडिटिंग आणि गेमिंग यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. १६ जीबीवर भाच्याने इतक्या प्रामाणिकपणे भाषण दिलं की मला त्याचा अभिमान वाटला.

खर्च कमी करायला कोणीतरी जुन्या कार्डाची टूम काढतंच. भाच्याच्या मित्राने काढली. "एकदम घरगुती वापर आहे, लाइट गेमिंग," असं विकणारा म्हणत होता. २०२१ च्या सुमारास इथेरियम नावाचं आभासी चलन काढायला लोकांनी अशी कार्डं फळ्यांवर रचून रात्रंदिवस चालवली आणि खेळणाऱ्यांना कार्डं मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांचं काम एका दिवसात संपलं आणि ती सगळी जुन्या बाजारात आली. तेव्हापासून आपल्याकडे विकायला निघालेलं प्रत्येक कार्ड घरगुती वापराचं असतं. ही हकीकत ऐकून भाऊजी एवढंच म्हणाले, "जप्तीचा माल घरात आणायचा नाही."

मग रॅम. इथे भाऊजींनी स्वतःचा एक सिद्धान्त मांडला, "थांबूया. इलेक्ट्रॉनिकची वस्तू थांबलं की स्वस्त होते." हा सिद्धान्त त्यांचा एकट्याचा नाही. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी चिपमधल्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाते असं निरीक्षण नोंदवलं, आणि त्याचा मराठी घरांनी काढलेला अर्थ म्हणजे 'दिवाळीनंतर बघू'. अनेक वर्षं तो खराही ठरत आला. २०२५ च्या अखेरीला मात्र एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, कारखान्यांनी माल तिकडे वळवला आणि साध्या ग्राहकांच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरात मायक्रॉनने तर क्रूशिअल या आपल्या ब्रँडखालची किरकोळ ग्राहकांसाठीची विक्री बंद करणार असल्याचं जाहीर केलं. हे कळल्यापासून भाऊजी सकाळी पेपर उघडून सोन्याचा भाव बघतात आणि मग मुलाला विचारतात, "जीबीला काय चाललंय?" ताईचं म्हणणं, चाळीस ग्रॅमचं मंगळसूत्र देऊन बत्तीस जीबी घेऊ नका म्हणजे झालं.

भाववाढीमुळे भाच्याला एकदम काटकसर सुचली. "१६ जीबीत भागेल," तो म्हणाला. खेळांचं बहुतेक भागतं. पण ४के एडिटिंगला १६ म्हणजे रोजची ओढाताण. ३२ असलेली बरी. मी त्याला उद्देशाच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. आपल्याच अक्षरात नसलेल्या पण आपल्याच तोंडून निघालेल्या त्या शब्दांकडे त्याने जरा वेळ पाहिलं आणि ३२ लिहिले. तेही १६-१६ च्या दोन पट्ट्या, म्हणजे रॅम दोन वाटांनी चालते. चार स्लॉट असले तर बहुतेक बोर्डांवर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. आणि मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं, नाहीतर वेगवान म्हणून पैसे मोजलेली रॅम बेताच्या वेगाने चालत राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

साठवणीची भानगड मोठी. फोनवर ४के, सेकंदाला ६० फ्रेम असं चित्रण केलं की मिनिटाला साधारण ४०० एमबी जातात. एनव्हीएमई एसएसडी १ टीबीची घ्यावी असं ठरलं. भाऊजींनी शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच एसएसडी पाहिली, त्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवत होतं. "उरलेले जवळजवळ ७० जीबी कुठे गेले?" मी सांगितलं की बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे जागा तेवढीच असते पण आकडा कमी दिसतो. भाऊजींना पटलं नाही. ज्या संस्थेत दोन वह्या दोन पद्धतींनी लिहिल्या जातात तिथे काहीतरी गडबड असतेच, असा त्यांचा अनुभव.

खरी परीक्षा मॉनिटरची होती. भाच्याच्या यादीत १८० हर्ट्झचा मॉनिटर होता, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आपला टीव्ही २५ चा, फोनचा व्हिडिओ ३० किंवा ६० चा. एडिटरला हवा असतो रंग खरे दाखवणारा पडदा, आयपीएस पॅनलचा. १८० हर्ट्झची गरज लागते ती समोरचा शत्रू भिंतीआडून डोकावण्याआधी त्याला गोळी घालायची असेल तर. "एवढी चित्रं कशाला?" या भाऊजींच्या प्रश्नावर भाचा म्हणाला, "बाबा, डोळ्यांना त्रास कमी होतो." आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या घरात डोळ्यांचा विषय निघाला की कोणी वाद घालत नाही. मॉनिटर मंजूर झाला. आयपीएस आणि १८० हर्ट्झ दोन्ही एकाच पडद्यात मिळतात म्हणून मीही सही केली.

राहिला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यादीत त्याच्यापुढे फक्त 'कोणताही' असं लिहिलं होतं. एसएमपीएस म्हणजे लग्नातला आचारी : पंगत नीट उठली तर त्याला कोणी ओळखत नाही, आणि त्याचा पाय घसरला तर सगळं लग्न बुडतं. स्वस्तातला डबा जाताना सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. त्याच यादीत कॅबिनेटसाठी काच, सात पंखे आणि लाखो रंगांत बदलणारे दिवे यांना चांगली रक्कम लावली होती. काचेआड दिसतं त्याच्यासाठी हात सैल, तळाशी लपतं त्याच्यासाठी 'कोणताही'. मी चार पंखे आणि दिव्यांचा कंट्रोलर काढला, ती रक्कम एसएमपीएसकडे वळवली आणि ६५० वॅटचा, ८० प्लस गोल्डचा, नावाजलेल्या कंपनीचा लिहिला. भाऊजींनी याही खेपेला समासात काहीतरी लिहिलं. वाकून पाहिलं तर लिहिलं होतं : 'योग्य दिशेने डायव्हर्शन'. त्यांचा एकच आग्रह राहिला, घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस वापरायचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि खेळ रंगात आला की हा कॉम्प्युटर एकटाच तेवढं खाऊ शकतो, हे सांगितल्यावर त्यांनी मुलाकडे असं पाहिलं की जणू तोच तेवढं खाणार होता.

कोटेशनांसाठी आम्ही तिघं ग्रँट रोडला उतरून पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर गेलो. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दोन कोटेशनांवर एक नाव आणि तिसऱ्यावर दुसरं, त्यामुळे तिसरा दुकानदार भलत्याच रस्त्यावरचा आहे या संशयाने भाऊजींनी बाहेर येऊन पाटी वाचली. दुकानं अरुंद, खोके छतापर्यंत, आणि काउंटरमागचा माणूस यादी वाचायला जितका वेळ लावतो तेवढ्यात गिऱ्हाइकाची आर्थिक पत्रिका मांडून मोकळा होतो.

"गेमिंग के लिए?" त्याने भाच्याला विचारलं.

"एडिटिंग," भाचा वडिलांकडे बघत म्हणाला.

"हाँ, वही," दुकानदार म्हणाला आणि खोके काढायला वळला.

मग नेहमीचे संवाद झाले. हवं ते कार्ड 'अभी खतम हुआ', जे आहे ते 'उससे भी अच्छा'. एसएमपीएस यादीतला सोडून दुसरा घ्या, 'सब यही ले जाते हैं'. शेवटी आवाज खाली आणून, बिल हवं की नको? १८ टक्के जीएसटी वाचेल. आयुष्यभर कागद जपलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला नको होता. भाऊजींनी त्याला बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहायला लावला. ते बघून मागच्या रांगेतल्या दोन मुलांनीही धीर करून पक्कं बिल मागितलं. वॉरंटीसाठी ते लागतंच, पण मागायला घरचं कोणीतरी सोबत असावं लागतं.

जोडणी रविवारी हॉलमध्ये झाली. ताईने काचेवर कुंकवाचं बोट उमटवलं, नारळ फोडला, फक्त पाणी तिथून दूर ठेवा अशी विनंती मी केली. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच. डीडीआर५ चा नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेत काही मिनिटं गप्प बसू शकतो. त्या काही मिनिटांत शेजारच्या काकांनी लॅपटॉप घ्यायला हवा होता असं सांगितलं, आजीने दृष्ट काढली, भाऊजींनी वॉरंटीची फाइल उघडली. मग पडदा उजळला. श्रेय आजीला मिळालं.

त्यानंतर काही दिवस भाच्याचे फार सुखाचे गेले. दार बंद, हेडफोन कानाला, आणि आतून अधूनमधून गोळीबाराचा आवाज. "रेफरन्स बघतोय," तो म्हणायचा.

पण ताईने तोपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवलं होतं, आमच्याकडे आता एडिटिंगची सोय झाली आहे.

पहिल्यांदा मावशीच्या नातवाचं बारसं आलं, पेन ड्राइव्हमध्ये. मग चुलत बहिणीचं केळवण, सोसायटीच्या गणपतीचं विसर्जन, आणि भाऊजींच्या बँकेतल्या साहेबांचं सहस्रचंद्रदर्शन, सहा जणांनी सहा फोनवर काढलेलं. निम्मं उभं, निम्मं आडवं. फोन फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमीजास्त करतो, त्यामुळे गुरुजींचे ओठ आधी हलतात आणि मंत्र मागाहून येतो. शिवाय पाहणाऱ्यांच्या सूचना : आत्याला तीन सेकंदच दाखवलंय, मामेभावाला उगाच जास्त, आणि माझा शालू मोरपिशी होता तो निळा का दिसतो? त्या शालूसाठी भाचा रिझॉल्व्हमधलं रंगकाम शिकला. कॉलेजात ते दुसरं वर्षभर शिकवणार होते, शालूने ते एका रात्रीत शिकवलं. टाइमलाइनवर एकावर एक सहा फोन चढले तरी ३२ जीबी तग धरून राहिली आणि इंटेलच्या क्विक सिंकने साहेबांचं औक्षण अडखळू दिलं नाही.

जागा मात्र संपली. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा खेळ एकटाच १५० जीबी मागतो. साहेबांचं सहस्रचंद्रदर्शन की तो, असा प्रसंग आला तेव्हा भाऊजी मागे खुर्ची टाकून बसले होते. कर्ज दिल्यावर जागेवर जाऊन पाहणी करण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. भाच्याने खेळ काढून टाकला. भाऊजींनी फाइलमध्ये नोंद केली : 'विनियोग मंजूर उद्देशानुसार. समाधानकारक.'

पहिला कॉम्प्युटर जोडू पाहणाऱ्या सगळ्या मुलांना म्हणूनच एका मामाचा सल्ला आहे. घरी थाप खुशाल मारावी, आम्हीही मारली; पण रॅम आणि एसएसडी मात्र थापेच्या मापाने घ्यावी, कारण ती कधी खरी करावी लागेल याचा नेम नसतो.